घोडचूक, गफलत, गोंधळ : चूक दर्शवणाऱ्या बोलीशब्दांचा अर्थ आणि उगम

प्रास्ताविक

इंग्रजीत ठळक आणि हास्यास्पद चुकीसाठी ‘हाउलर’ असा एक अनौपचारिक शब्द आहे. ‘हाउल’ म्हणजे गळा काढून ओरडणे. जी चूक शोधावी लागत नाही, स्वतःच ओरडून आपली जागा दाखवते, ती ‘हाउलर’. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला हा शब्द पुढे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील विनोदी चुकांना विशेष चिकटला. त्याच कुळातला ‘गूफ’ हा शब्द आधी मूर्ख माणसासाठी वापरला जाई. माणसाचे नाव नंतर त्याच्या कृतीला मिळाले. ‘बू-बू’ हा तर लहान मुलांच्या बोबड्या बोलीतला वाटावा असा अमेरिकी शब्द. एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने आपल्या चुकलेल्या निर्णयाला ‘बू-बू’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनातला राग अर्धा उतरतो. अशा शब्दांचा अभ्यास त्यासाठीच करायचा असतो. ते चूक झाल्याचे सांगतातच, शिवाय ती किती मोठी मानायची आणि दोष कोणाच्या पदरात घालायचा, हेही परस्पर ठरवून टाकतात.

मराठीत या कामासाठी एक शब्द नाही, डझनभर आहेत. घोडचूक, गफलत, गल्लत, घोळ, गोंधळ, घोटाळा, फजिती, माती खाणे, शेण खाणे, ‘ध चा मा’ करणे. शिवाय कोल्हापूरकडे एखादे काम पुरते बिघडले की त्याची ‘काशी झाली’ असे म्हणतात, ते वेगळेच. या पाठात त्यांतील निवडक शब्दांचा उगम पाहू. कोशातील अर्थ पाठ करणे हे आपले उद्दिष्ट नाही. शब्दाचा उगम, त्याला लागणारे क्रियापद आणि तो वापरणाऱ्याचा हेतू या तिन्हींचा एकत्र विचार कसा करावा, हे येथे पाहायचे आहे.

चूक आणि घोडचूक

प्रथम मूळ शब्द घेऊ. ‘चूक’ हा संस्कृतातून थेट आलेला शब्द नाही, तो प्राकृतातला आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ या संस्कृत धातूच्या जागी येणारे प्राकृत धातू दिलेले आहेत. त्यांत ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ हे दोन शेजारी शेजारी आढळतात. ‘भ्रंश्’ म्हणजे जागेवरून ढळणे, निसटणे. व्यापारी आपल्या हिशेबाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ अशी अक्षरे लिहितो, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीची ही जोडी नकळत पुन्हा एकत्र मांडत असतो.

‘चुकणे’चा मूळ अर्थ ‘निसटणे’ हा आहे, हे आजच्या बोलण्यातही दिसते. एस.टी. चुकते, वाट चुकते, नेम चुकतो, जोतिबाच्या यात्रेत आईचा हात सुटून मूल चुकते. यांत पाप नाही, गुन्हा नाही. जे जिथे पोहोचायचे ते तिथे पोहोचले नाही, एवढेच आहे. ‘चुकामूक’ या शब्दात तर दोष कोणाचाच नसतो. मात्र याच धातूचे प्रयोजक रूप घेतले की चित्र पालटते. ‘कर चुकवला’ असे म्हणताच हेतू आत शिरतो. एकाच धातूची दोन रूपे अशी निष्पापपणा आणि लबाडी यांच्या दोन टोकांवर उभी असतात.

आता ‘घोडचूक’. या शब्दाविषयी विद्यार्थी बहुधा असे लिहितात, की घोडा उधळतो, म्हणून बेफाम चूक ती घोडचूक. हे पटणारे नाही. मराठीत मूर्खपणाचे प्रतीक म्हणून गाढव सदैव हजर असते, तरी ‘गाढवचूक’ असे कोणी म्हणत नाही. हा मान घोड्यालाच का मिळाला? कारण येथे ‘घोड’ हा शब्द प्राण्याच्या स्वभावासाठी आलेला नाही, आकारासाठी आला आहे. लग्नाचे वय उलटून गेलेल्या मुलीला जुन्या समाजात ‘घोडनवरी’ म्हणत आणि तशाच मुलाला ‘घोडनवरा’. त्यांत धावणे, उधळणे काही नाही. वय वाढल्याचा टोमणा आहे. घरातली वडीलधारी मंडळी ‘एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही’ असे म्हणतात, तेव्हाही घोडा वाढीचाच मापदंड असतो. इंग्रजीतही मुळ्यासारख्या एका तिखट, जाड कंदाला ‘हॉर्सरॅडिश’ म्हणतात, तेथे ‘हॉर्स’ थोराड, राकट एवढेच सुचवतो. तेव्हा घोडचूक म्हणजे थोराड चूक, वाढून बसलेली चूक. ‘एवढा घोडा झालास’ हा टोमणाही तिच्यात ऐकू येतो : ही चूक करण्याचे तुमचे वय नव्हते, अधिकार नव्हता. म्हणूनच शिकाऊ मुलाच्या चुकीला आपण सहसा घोडचूक म्हणत नाही. सेनापतीची, मंत्र्याची, घरातल्या कर्त्या माणसाची होते ती घोडचूक.

न जागणाऱ्याची चूक

इंग्रजी ‘ब्लंडर’ हा शब्द आता मराठी बोलण्यात चांगलाच रुळला आहे. त्याचा उगम डोळे मिटणे, डुलकी घेणे या अर्थाच्या ‘ब्लुंडा’ या जुन्या उत्तर युरोपीय शब्दात असावा, असे कोशकार मानतात. डोळे मिटून चालणारा माणूस धडपडतो, ती धडपड म्हणजे ब्लंडर.

याच्या शेजारी आपला ‘गफलत’ ठेवा. हा अरबी शब्द फार्सीमार्गे मराठीत आला. अर्थ बेसावधपणा. ‘गाफील’ हा त्याच धातूचा भाऊ : जो सावध नाही तो गाफील आणि त्याच्याकडून होते ती गफलत. आता संस्कृतकडे वळा. ‘प्रमाद’ हा आपल्याला भारदस्त वाटणारा शब्द ‘मद्’ या धातूपासून बनला आहे. मद म्हणजे नशा, धुंदी. म्हणजे प्रमाद ही मुळात शुद्ध हरपल्याची, अवधान सुटल्याची स्थिती. बौद्ध परंपरेत पाली ‘अप्पमाद’ला, म्हणजे अखंड सावधपणाला, मोठे स्थान आहे. धम्मपदाचा एक स्वतंत्र वर्गच या नावाचा आहे.

उत्तर युरोप, अरबस्तान आणि भारत अशा तीन दूरच्या ठिकाणी, एकमेकांची उसनवारी न करता, भाषेने चुकीचे मूळ एकाच जागी पाहिले : माणूस जागा नव्हता. मला या सर्व प्रकरणातला हा सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. कारण त्यातून दोषाची एक विशिष्ट कल्पना येते. झोपलेल्याचा हेतू वाईट नसतो, म्हणून त्याला क्षमा असते. पण जागे राहणे हे त्याचे कामच असेल, तर झोप हाच त्याचा अपराध होतो. पहारेकऱ्याच्या गफलतीला कोणी ‘बिचारा’ म्हणत नाही.

मराठी मासिकांनी हीच कल्पना विनोदासाठी वापरली. वृत्तपत्रांतील विचित्र मथळे एकत्र करून छापण्याची रीत पडली, तेव्हा त्या सदरांना ‘उपसंपादकाच्या डुलक्या’ असे नाव मिळाले. छापताना एखादे अक्षर पडून वा बदलून भलताच अर्थ निघाला, तर त्याला ‘मुद्राराक्षसाचा विनोद’ म्हणू लागले. या दुसऱ्या शब्दाची घडण थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ‘मुद्राराक्षस’ हे विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे नाव. त्यातील मुद्रा म्हणजे शिक्क्याची अंगठी आणि राक्षस हे नंदांच्या अमात्याचे नाव. छापखान्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण इंग्रजी छापखान्यांत हरकाम्या पोऱ्याला ‘छापखान्याचा सैतान’ अशा अर्थाचे नाव होते. मराठीत मुद्रण म्हणजे छपाई, सैतानाचा राक्षस झाला आणि आयते तयार असलेले नाटकाचे नाव या नव्या अर्थाला चपखल बसले. शब्दावरची ही कोटी इतकी रुजली, की मूळ नाटक न वाचलेले लोकही मुद्राराक्षसाला बिनदिक्कत दोष देऊ लागले. दोष देण्याची सोय पाहा : अक्षर जुळवणारा सुटला, मुद्रितशोधक सुटला, संपादकही सुटला. सापडला तो एक अदृश्य राक्षस.

दप्तरातले शब्द आणि कोल्हापुरातील एक कोशकार

गफलतीबरोबर मराठीत आलेले याच वर्गातले आणखी काही शब्द थोडक्यात नोंदवू. ‘कसूर’ आणि ‘तकसीर’ हे दोन्ही ‘कमी पडणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूचे. ‘कामात कसूर केली’ म्हणजे काम केले, पण हवे तेवढे केले नाही. ‘खता’ म्हणजे चूक. अरबीत त्यामागे नेम हुकण्याची कल्पना आहे, म्हणजे तो अर्थाने आपल्या ‘चुकणे’चा सोयरा. ‘गल्लत’ ही ‘गलत’ची मराठी मुलगी, पण तिने स्वतंत्र संसार थाटला : मराठीत गल्लत म्हणजे कोणतीही चूक नव्हे, दोन गोष्टींची सरमिसळ करण्याची चूक. ‘फजिती’ चुकीबद्दल बोलतच नाही. चूक चारचौघांत उघडी पडल्यावर जी अप्रतिष्ठा होते, तिचे ते नाव. एकान्तात चूक होते, फजिती होण्यासाठी पाहणारा लागतो.

या शब्दांचा विचार करताना कोल्हापूरशी संबंधित एक नाव समोर येते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन. फार्सीचे अध्यापन केलेल्या या कवीचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मराठीत फार्सी-अरबी शब्द किती खोल गेले आहेत, हे त्यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी पाहिले असेल. तरी तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे त्यांचे पुस्तक १९३८ सालचे. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा विरोधाभास केवळ चरित्रातला तपशील म्हणून सोडून देऊ नये. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडे शब्द असताना परका शब्द कशाला? ‘गफलत’च्या जागी ‘प्रमाद’ आहेच. दोहोंचा मूळ अर्थही एक. पण प्रयोग करून पाहा. ‘माझ्याकडून जरा गफलत झाली’ हे वाक्य दूध संघाच्या संकलन केंद्रावर, शेजाऱ्याच्या ओट्यावर, कुठेही चालते. ‘माझ्याकडून जरा प्रमाद झाला’ असे म्हणून पाहिले, तर ऐकणारा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. अर्थ तोच असून अदलाबदल होत नाही. ‘तकसीर माफ असावी’ यातील अदब ‘न्यूनतेबद्दल क्षमा असावी’ यात उतरत नाही. भाषाशुद्धीने मराठीला अनेक चांगले शब्द दिले, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की चुकीच्या शब्दांच्या बाबतीत जनतेने आपले जुने शब्द सोडले नाहीत. कबुलीच्या वेळी माणसाला तोंडात बसलेला शब्दच लागतो.

तोंडात बसण्यावरून एक अवांतर गोष्ट. मराठी माणूस आपली चूक ‘खातो’. खता खातो, माती खातो, शेण खातो. कोल्हापूरच्या वाचकाला ‘माती खाल्ली’ म्हटले की तालमीची तांबडी माती आणि खासबागेचे मैदान आठवणे साहजिक आहे. पण तेवढ्यावरून हा वाक्प्रचार कुस्तीतून आला, असे लिहिण्याची घाई करू नये. जेथे तालमी नाहीत त्या भागांतही तो तितकाच प्रचलित आहे. कुस्तीत विजयी मल्ल दुसऱ्याला धूळ ‘चारतो’. येथे मात्र माणूस स्वतःच खातो. खाऊ नये ते तोंडात घालणाऱ्या लहान मुलाचे चित्र या वाक्प्रचाराला अधिक जवळचे वाटते. ‘शेण खाणे’ ही त्याच्या पुढची पायरी : माती खाणाऱ्याची बुद्धी चुकली, शेण खाणाऱ्याची नियत.

गोंधळ

कोल्हापूर परिसरातल्या अनेक घरांत लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीने ठिकठिकाणच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन केले जाते. कोल्हापूरच्या अंबाबाईचे आणि तुळजापूरच्या भवानीचे नाव त्यात असतेच. त्यानंतर आख्यान रंगते आणि शेवटी आरती होते. गोंधळी समाजात रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा आहेत. पहिलीचे नाते रेणुकेशी, दुसरीचे तुळजाभवानीशी. हा सगळा विधी क्रमाने चालतो. कशानंतर काय, हे ठरलेले असते आणि ते चुकलेले जाणत्यांना चालत नाही.

आणि तरी मराठीत अव्यवस्थेचे नाव गोंधळ! क्रियापदही तेच : देवीचा गोंधळ ‘घालतात’ आणि सभेतही गोंधळ ‘घालतात’. ‘गोंधळणे’ हे क्रियापद मात्र विधीकडे जात नाही, ते फक्त संभ्रमाचे आहे.

याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की रात्रभर चालणारा वाद्यांचा गजर आणि गायन यांवरून कोलाहल, मग अव्यवस्था, मग मनाचा संभ्रम असा अर्थविस्तार झाला. हे शक्य आहे. पण कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने येथे दक्षिणेकडे पाहावे. सीमेपलीकडच्या कानडीत ‘गोंदल’ हा शब्द संभ्रम, गडबड या अर्थाने रोजच्या वापरात आहे. त्याचा विधीशी संबंध ठाऊक नसलेला माणूसही तो वापरतो. शेजारच्या भाषेत गडबडीचा अर्थ असा स्वतंत्रपणे नांदत असताना, अव्यवस्थेचा अर्थ केवळ संबळाच्या आवाजातून निघाला, असे निःशंकपणे लिहिणे बरोबर नाही. गर्दी-गलबला हा अर्थ आधीचा आणि त्यावरून समूहाने करायच्या विधीला नाव मिळाले, अशी उलट दिशाही विचारात घ्यावी लागते.

दिशा कोणतीही माना, एक गोष्ट उरते. आपल्या भाषेत लोककला आणि लोकविधी यांची नावे निंदेसाठी फार सहज वापरली गेली. ‘तमाशा करू नकोस’, ‘काय शिमगा चालवलाय’, ‘त्याचे भारूड संपेना’. या वाक्यांमधून बोलणारा हा त्या कलेच्या बाहेर उभा असलेला माणूस आहे, हे कळते. फडावर उभ्या राहणाऱ्या कलावंताला ‘तमाशा’ म्हणजे पोटाचे साधन आणि अभिमानाची गोष्ट. वर्गातल्या मुलाला तोच शब्द रागावण्यासाठी ऐकवला जातो. गोंधळी घरातला विद्यार्थी शाळेत ‘गोंधळ घालू नका’ हे दिवसातून दहा वेळा ऐकतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न अर्थविचाराच्या पुस्तकांत सहसा येत नाही. तो यायला हवा.

‘ध चा मा’ : चूक की अपराध?

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. लोककथा अशी, की रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या लेखी आज्ञेत नारायणरावांना ‘धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’च्या जागी ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. त्यावरून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला.

या कथेच्या ऐतिहासिकतेबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. ही आज्ञा त्या काळच्या रीतीप्रमाणे मोडीत लिहिलेली असणार. म्हणून बाळबोध ‘ध’ आणि ‘मा’ कागदावर मांडून हा बदल किती सोपा होता, याचा निवाडा करू नये. आपला विषय मात्र भाषा आहे आणि भाषेने या प्रकरणात आपला निकाल केव्हाच दिला आहे. चौकशी करणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. वाक्प्रचाराने मात्र रघुनाथरावांना बाजूला सारून सगळे माप आनंदीबाईंच्या पदरात घातले. अडीच शतके मराठी माणूस हा वाक्प्रचार वापरताना प्रत्येक वेळी तोच निकाल पुन्हा वाचून दाखवत आला आहे, साक्षीपुरावा न तपासता.

वापराबद्दल एक सूचना. छपाईत अक्षर चुकले, तर ‘ध चा मा झाला’ असे काही जण लिहितात. वाक्प्रचाराचा रोख तसा नाही. त्याचे खरे क्रियापद ‘करणे’ आहे, ‘होणे’ नव्हे. दुसऱ्याच्या शब्दांत जाणूनबुजून केलेला आणि परिणाम फिरवणारा फेरफार, हा त्याचा अर्थ. अनवधानाने अक्षर बदलले तर तो मुद्राराक्षस. हेतूने बदलले तर ‘ध चा मा’.

घोळ, घोटाळा आणि लेखनप्रमाद

आता रोजच्या व्यवहाराला सर्वांत जवळचे दोन शब्द. ‘घोळ’ हा ‘घोळणे’ या क्रियापदाचा सोबती. वडी पिठात घोळतात, विषय मनात घोळतो, झग्याला घोळ असतो. एकाच जागी फिरत राहणे, पसरणे, गुंडाळले जाणे ही त्यामागची प्रतिमा. ‘घोटाळा’चा संबंध ‘घोटाळणे’शी लागतो. मांजर पायांत घोटाळते, गाण्याची ओळ ओठांवर घोटाळते. म्हणजे हाही मुळात घुटमळण्याचाच शब्द. जुन्या मराठीत आणि घरगुती बोलण्यात तो अजूनही निरुपद्रवी आहे : ‘दोघींची नावे सारखी, म्हणून माझा घोटाळा झाला.’

वृत्तपत्रांनी मात्र या शब्दाचे भवितव्य बदलले. १९९२ मधील रोखे घोटाळा, त्यानंतर गाजलेला बिहारचा चारा घोटाळा अशा प्रकरणांतून ‘घोटाळा’ म्हणजे सार्वजनिक पैशाचा संगनमताने केलेला अपहार, हा अर्थ इतका घट्ट झाला, की आता ‘हिशेबात घोटाळा आहे’ हे वाक्य कोणत्याही संस्थेत जपून उच्चारावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा अर्थ ‘बेरीज जुळत नाही’ असा घेतला गेला असता. आज पतसंस्थेच्या सभेत हेच वाक्य उच्चारले, तर कारकुनाकडे चोर म्हणून पाहिले जाईल. त्याऐवजी ‘हिशेबात घोळ आहे’ म्हटले, तर वह्या पुन्हा तपासल्या जातील. आकडे दोन्ही वेळा तेच असतील. आपल्यापैकी अनेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकत आहेत. अहवाल, इतिवृत्त, तक्रारअर्ज लिहिण्याचे काम त्यांच्याकडे येते. या दोन शब्दांतील अंतर त्यांना परीक्षेबाहेरही उपयोगी पडेल.

क्रियापदांकडेही पहा. ‘घोळ झाला’ या वाक्यात कर्ता नाही. घोळ पावसासारखा आपोआप आला. ‘घोळ घातला’ म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. प्रशासनाला पहिली रचना प्रिय असते, नागरिकाला दुसरी हवी असते.

चुकीला कोणते नाव द्यायचे, यावर प्रत्यक्ष जमिनीचा निकाल कसा अवलंबून असतो, याचे उदाहरण सातबाऱ्यात सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद आणि हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करण्याची तरतूद आहे. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत एखादी चूक आढळली, तर संबंधितांना नोटीस देऊन त्यांच्या हरकतींचा निर्णय झाल्यावरच ती दुरुस्त करता येते. तलाठी दप्तरात ‘हस्तदोष’ असाही शब्द वापरतात, म्हणजे हाताकडून झालेली चूक, मनाकडून नव्हे. समजा, उतारा नव्याने लिहिताना ०.४० हेक्टरचे ०.०४ झाले. जुन्या उताऱ्याशी ताडून पाहता येणारी ही चूक लेखनप्रमाद ठरली, तर अर्जावर दुरुस्त होऊ शकते. पण एका भावाचे नावच उताऱ्यातून गेले असेल आणि दुसरा भाऊ ‘ते मुद्दामच कमी केले होते, वाटणी झाली होती’ असे म्हणत असेल, तर ती बाब लेखनप्रमादात बसत नाही. तेथे हक्काचा वाद सुरू होतो आणि वेगळा, बराच लांबचा मार्ग धरावा लागतो. ज्या शेतकऱ्याचे नाव गेले, तो गावात त्याला ‘घोळ’ म्हणतो, चिडला की ‘ध चा मा’ म्हणतो. अर्जात मात्र त्याला ‘लेखनप्रमाद’ हाच शब्द लिहावा लागतो आणि तो टिकवण्यासाठी जुने फेरफार काढून आणावे लागतात. मद्यासारखी धुंदी सांगणारा तो जुना ‘प्रमाद’ येथे तहसील कार्यालयात कामाला लागलेला दिसतो. बोलीतून हद्दपार झाला, पण कायद्यात त्याला जागा मिळाली.

स्वाध्याय

१. आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी आठवडाभर कान उघडे ठेवून चुकीसाठी वापरलेले शब्द वहीत टिपा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी, कोणाच्या चुकीबद्दल वापरला आणि क्रियापद कोणते होते, हे लिहा. वरिष्ठाच्या चुकीला आणि हाताखालच्या माणसाच्या चुकीला एकच शब्द वापरला जातो का, ते पाहा.

२. टिपलेल्या शब्दांपैकी कोणतेही तीन मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात, दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’त शोधा. कोल्हापुरातील विद्यार्थ्यांनी १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिराचा यासाठी उपयोग करावा. तिन्ही कोशांतील अर्थ वेगळे आढळल्यास कोशाचा काळ लक्षात घेऊन त्याचे कारण सांगा.

३. ‘घोटाळा’ हा शब्द निरुपद्रवी अर्थाने आलेले एक आणि अपहाराच्या अर्थाने आलेले एक, अशी दोन वाक्ये लिहा. दोन्हींत ‘घोटाळा’च्या जागी ‘गोंधळ’ घालून अर्थात काय फरक पडतो, ते दहा ओळींत स्पष्ट करा.